गार्डच्या डब्यातला काप

१

गार्डचा डबा मुळात चव्वेचाळीस फुटांचा. शुक्रवारी सकाळी आठ वाजता प्रमोदिनीनं यार्डात टेप लावून तो मोजला, तेव्हा एकतीस फूट भरला. उरलेला तेरा फूट डबा स्वतःच्याच पोटात शिरला होता, आणि त्या तेरा फुटांत पिराजी गेला होता.

प्रमोदिनीचं डोकं तेव्हापासूनच तापलं होतं. तसं ते तापायला फार मोठं कारण लागत नसे. मूळची निपाणीची ही अठ्ठावन्न वर्षांची बाई तीस वर्षं बंगळुरात होती, तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत धातू तपासायची छोटीशी प्रयोगशाळा चालवत होती, आणि मोडलेलं लोखंड का मोडलं हे सांगण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. लोखंडाशी तिचं छान जमायचं, माणसांशी पटायचं नाही. म्हणूनच रेल्वेच्या चौकशी समितीनं तिचं मत मागवलं होतं, आणि मागवल्याचा पश्चात्ताप दोनच दिवसांत केला होता.

घडलं होतं ते असं. दहा दिवसांपूर्वी कोळशाची मालगाडी घाट चढत होती. चढावर गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लावतात, आणि त्या इंजिनाच्या पुढं गार्डचा डबा असतो. गाडीतल्या मधल्या एका वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा, जुना ॲक्सल तुटला, चार वाघिणी रुळावरून घसरल्या आणि पुढची गाडी अडकून बसली. मागून इंजिन येतच होतं. मध्ये सापडला गार्डचा डबा.

ॲक्सलबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. वांधा होता डब्याचा. डबा नवा कोरा होता, दोन्ही टोकांकडून दोनशे टनांचा दाब देऊन पास केलेल्या नमुन्याचा. आणि मागच्या इंजिनावरची नोंद सांगत होती की दाब नव्वद टनांच्या वर गेलाच नाही. मग हा चुरगळला कसा?

डबा बांधणाऱ्या कारखान्याकडे उत्तर तयार होतं. म्हणे, गार्ड पिराजीनं घाबरून हँडब्रेक आवळला. चाकं जाम झाली, डबा मध्येच अडकला आणि दाब दुप्पट झाला. चूक गार्डची, डबा उत्तम! समितीचे शिवकुमार आज संध्याकाळी पाच वाजता त्या कागदावर सही करणार होते. सही झाली की पिराजी दोषी, आणि त्याच कारखान्याचे आणखी अकरा डबे, प्रत्येकात एकेक जिवंत गार्ड घेऊन, रुळांवर धावत राहणार.

पिराजीची बायको यल्लव्वा यार्डाच्या फाटकाशी बसली होती. रोज बसायची. रडत नव्हती, नुसती बघत होती.

"अक्का, आज तरी सांगशील का काय ते?" तिनं विचारलं. "मेलेल्या माणसावर ढकलून मोकळी झाली ही माणसं. तो काय उठून भांडायला येतोय?"

"मी भांडते की," प्रमोदिनी म्हणाली. "पण भांडायला काहीतरी हातात पाहिजे, यल्लव्वा. नुसत्या तोंडावर हे लोक ऐकत नाहीत."

हातात काहीच नव्हतं. डब्याचं पोलाद तिनं प्रयोगशाळेत तपासलं होतं, ते अस्सल निघालं. पत्र्याची जाडी बरोबर, वेल्डिंग बरोबर. डब्याच्या पोटाखालून जाणारी मधली तुळई, म्हणजे डब्याचा कणा, एकाच जागी दुमडली होती. नेमक्या त्याच जागी वीतभर रुंदीचं एक भोक होतं. पण त्याचं काय एवढं? पिराजीला बाहेर काढायला मदत पथकानं गॅस कटरनं डबा ठिकठिकाणी कापला होता. हे भोकही त्यांचंच, असं सगळे धरून चालले होते. तीसुद्धा.

आज ती चिखलात चक्क आडवी झाली आणि बॅटरी घेऊन तुळईखाली सरकली. मदत पथकाचे काप तिनं एकेक करून पाहिले. सगळ्यांच्या कडा उघड्या, दहा दिवसांत गंजून तांबूस झालेल्या. मग तिनं त्या वीतभर भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

ही कड गुळगुळीत होती. तिच्यावर कारखान्याचा राखाडी रंग होता, अगदी ओघळांसकट.

२

रंग द्यायच्या आधी भोक पाडलं गेलं होतं. म्हणजे ते कारखान्यातच पडलं होतं.

डब्याचं गणित ज्या मुलीनं संगणकावर मांडलं होतं, ती आर्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला एचएसआर लेआउटमध्ये बसायची. नागपूरची मुलगी, तीन वर्षांपूर्वी इथं आलेली. तिथं पोचायला प्रमोदिनीला दीड तास लागला आणि त्या दीड तासात तिनं सिल्क बोर्डच्या तुंबलेल्या चौकाला जे काही ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"मॅम, ऑनेस्टली सांगते, माझं मॉडेल एकदम क्लीन आहे," आर्या म्हणाली. तिचा आवाज मात्र कापत होता. "दोनशे टन लोड टाकला तरी फ्रेम बोटभरसुद्धा वाकत नाही. त्या दिवसापासून मी शंभर वेळा रन केलंय. मला झोप लागत नाहीये."

"भोक कुठंय तुझ्या मॉडेलमध्ये?"

"कुठलं भोक?"

प्रमोदिनीनं फोनवरचा फोटो दाखवला. डबा फाटल्यामुळे त्यात भोकाबरोबर आतली मांडणीही दिसत होती. आर्यानं तो मोठा केला, लहान केला, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काहीतरी वेगळंच आहे. यात संडास डावीकडे आहे. माझ्या ड्रॉइंगमध्ये उजवीकडे आहे."

गार्ड लोकांना चौदा-चौदा तास डब्यात काढावे लागतात, म्हणून या नव्या डब्यांत संडास दिला होता. पिराजीनं त्याचं घरी केवढं कौतुक केलं होतं, ते यल्लव्वानं प्रमोदिनीला सांगितलं होतं.

"फोटो उलट्या बाजूनं काढला असेल," प्रमोदिनी म्हणाली.

"नाही ना! हँडब्रेकचं चाक बघा. ते दोन्हींत उजवीकडेच आहे. फक्त संडास सरकलाय." आर्या आता भराभर बोलायला लागली. "आणि खालची मैल्याची टाकी उजवीकडेच ठेवलीय, कारण तिचे ब्रॅकेट आधीच वेल्ड झालेले असतात. मग डावीकडून उजवीकडे पाइप जाणार कुठून? मध्ये तर तुळई..."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

आर्यानं खुर्ची ओढली. मॉडेलमध्ये तुळईला वीतभर भोक पाडलं आणि दाब द्यायला सुरुवात केली. चाळीस टन. साठ. पडद्यावरचा डबा ठणठणीत होता. मग एका क्षणी तो भोकापाशी मोडला आणि दुमडत गेला. यार्डात पडलेला डबा नेमका तसाच दिसत होता.

"किती टनांना?" प्रमोदिनीनं विचारलं.

"ऐंशी." आर्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मॅम, शपथेवर सांगते, हा बदल मला कोणीही कळवला नाही. बदलांची नोंद फोरमन मंजुनाथच्या वहीत असते. ती वही बघा."

३

वही हरवली होती. अहो, हरवणारच! अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी.

ही बातमी कारखान्याचे मालक श्रीरंग यांनी स्वतः दिली, पण त्यांच्यापर्यंत पोचणं हेच एक दिव्य होतं. पीण्याच्या मुख्य रस्त्यावर कारखान्याचं ट्रकसुद्धा सहज जाईल असं ऐसपैस फाटक होतं, आणि ते विटा लावून बुजवलं होतं. आत जायचं तर पाठीमागच्या गल्लीतून, भंगाराचे ढीग ओलांडत. प्रमोदिनीची चप्पल तुटली आणि दुपारी एक वाजता भर उन्हात ती पाय ओढत साहेबांच्या केबिनमध्ये शिरली, तीही अंग चोरून, कारण टेबल खोलीत तिरकं टाकलं होतं आणि दारातून सरळ माणूस जात नव्हता. एसीचा झोत थेट साहेबांच्या टाळूवर येत होता. त्यासाठी त्यांनी कानटोपी घातली होती. बंगळुरात, दुपारी एक वाजता! एका कोपऱ्यात पाण्यानं भरलेला तांब्याचा हंडा होता, त्यामुळे कपाटाचा खालचा खण उघडत नव्हता.

श्रीरंग पुण्याचे, जर्मनीत शिकलेले, बोलायला गोड.

"मॅडम, फार वाईट झालं. पण तुम्ही आणि मी सायन्सची माणसं. इमोशन बाजूला ठेवू. डबा टेस्टमध्ये पास झालाय, रिपोर्ट समोर आहे."

"तुळईला भोक कोणी पाडलं?"

श्रीरंगांनी कानटोपी कानांवर ओढली. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "खरं सांगू? मलाही संशय आहे. मंजुनाथ. फोरमन म्हणून हुशार, पण भयंकर अंधश्रद्धाळू. वर्कशॉपमध्ये प्रत्येक मशिनला लिंबू-मिरची टांगलीय, बघालच तुम्ही. कोणाचं काय ऐकून काय करेल, नेम नाही. वहीही त्याच्याच ताब्यात होती."

"तो बारा डब्यांना भोकं पाडतो आणि मालकाला पत्ता नाही?"

"मी दर तुळईखाली वाकून बघत नाही, मॅडम."

प्रमोदिनीच्या मनात आलं, बघायला पाहिजे होतंस बाबा. पण ते म्हणण्याऐवजी ती उठली आणि सरळ मंजुनाथला शोधायला निघाली.

४

मंजुनाथ शॉपमध्ये भेटला. बंगळुरातल्याच चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातला माणूस, कपाळभर कुंकू, मनगटात तीन-तीन गंडे. त्याच्या केबिनमध्ये देवांचे सहा फोटो होते. खुर्ची मात्र दक्षिणेच्या भिंतीकडे तोंड करून, कारण पंखा तिथं होता.

"वही कुठं आहे?"

"ठाऊक नाही अक्का."

"भोक कोणी पाडलं?"

"ठाऊक नाही. मी तेव्हा रजेवर होतो. गावी जत्रा होती."

"कधी? भोक कधी पडलं, ते मी तुला सांगितलंच नाही अजून."

मंजुनाथनं खाली मान घातली. प्रमोदिनीचा पारा असा चढला की शेजारचा वेल्डर हातातलं काम टाकून बघायला लागला. "अरे, लाज वाटत नाही? त्या बाईचा नवरा तेरा फुटांत चिरडलाय! त्याचे तुकडे उचलून आणलेत मदत पथकानं! आणि तू जत्रेच्या गोष्टी सांगतोस?"

"अक्का, स्वल्प हळू बोला..."

"मी हळू बोलणार नाही!"

मंजुनाथ मनगटातले गंडे चाचपत राहिला. तो घाबरला होता, आणि वर साहेबांच्या केबिनच्या काचेकडे चोरून बघत होता.

दाब देऊन पास केलेला पहिला डबा अजून शेडमध्येच, रुळाच्या तुकड्यावर उभा होता. त्यात संडास उजवीकडे, ड्रॉइंगप्रमाणे. प्रमोदिनी खाली वाकली. तुळई अखंड होती, भोकाचा पत्ता नव्हता. टेस्ट खरी होती तर. कोणी खोटा रिपोर्ट केला नव्हता, कोणी हलकं पोलाद वापरलं नव्हतं. टेस्टनंतर बांधलेल्या बारा डब्यांत संडास उचलून डावीकडे नेला होता, एवढंच. पण का? उजवीकडे जागा होती, टाकी होती, पाइप सरळ खाली जात होता. शहाणा माणूस असं करेल कशाला?

ती संडासाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. या शेडमध्ये सगळे डबे याच एका रुळावर, याच तोंडानं बांधले जात होते. तिनं फोन काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं आणि तळहातावर आडवं धरलं.

आधी तिला हसू आलं. मग असा संताप आला की तिला डब्याच्या पायरीवर बसावं लागलं. साडेतीन वाजले होते. तिनं शिवकुमारांना फोन लावला. "सहीचा कागद घेऊन इकडे या. आत्ता. येताना यार्डाच्या फाटकावरून यल्लव्वाला घेऊन या."

५

साडेचारला सगळे त्या पहिल्या डब्याशी जमले. शिवकुमार घड्याळ बघत होते. यल्लव्वा डब्याला हात लावून उभी होती. मंजुनाथ मागं मागं सरकत होता. श्रीरंग कानटोपी काढून आले होते.

"आधी हँडब्रेक," प्रमोदिनीनं सुरुवात केली. "हा डबा वीस टनांचा. त्याची सगळी चाकं जाम केली तरी तो रुळावर घसरत पुढं जाणारच. त्याची आडकाठी किती? फार तर चार टन. शिवकुमार, तुम्ही इंजिनियर आहात. नव्वद टनांत चार टन मिळवले तर दोनशे होतात का?"

शिवकुमारांनी चष्मा काढून पुसला. "नाही होत," ते हळूच म्हणाले.

"मग हे गणित तुम्ही दहा दिवस का नाही केलंत? मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं म्हणून?"

शिवकुमारांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. प्रमोदिनी पुढं बोलत राहिली. रंगाचे ओघळ, डावीकडचा संडास, उजवीकडची टाकी, तुळईतून घुसवलेला पाइप, आर्याचे ऐंशी टन. "म्हणजे डबा भोकामुळे मेला. भोक पाइपमुळे पडलं. पाइप संडास हलवल्यामुळे. आणि संडास का हलवला?" तिनं फोन सगळ्यांसमोर धरला. "या शेडमध्ये डबा उभा असतो तेव्हा हा कोपरा येतो बरोबर ईशान्येला. ईशान्येला संडास! वास्तुशास्त्राला चालत नाही. म्हणून हलवला."

सगळे फोनवरच्या काट्याकडे वाकले. मग शिवकुमार म्हणाले, "पण मॅडम, ती गाडी आहे. बाहेर पडली की दिशा बदलते. घाटात तर दर वळणाला बदलते."

"तेच तर!" प्रमोदिनी ओरडली. "धावत्या गाडीची वास्तू बघितली हो यांनी! धावत्या गाडीची!"

"मी म्हटलं होतं तुम्हाला," श्रीरंग शांतपणे म्हणाले. "मंजुनाथ असले प्रकार मानतो."

"मंजुनाथ देव मानतो. वास्तू मानत नाही. त्याची खुर्ची दक्षिणेकडे तोंड करून आहे, वास्तूवाला माणूस असा मेला तरी बसणार नाही. रस्त्यावरचं चांगलं फाटक बुजवायला फोरमनला कोण देणार? ते दक्षिणेचं होतं, म्हणून बुजवलंत तुम्ही. टेबल तिरकं का? तोंड उत्तरेला यावं म्हणून. डोक्यावर एसी, कानात वारं, पण टेबल हलवायचं नाही. आणि ईशान्येच्या कोपऱ्यात पाण्याचा हंडा. श्रीरंग, या कारखान्यात वास्तू एकच माणूस मानतो, आणि तो जर्मनीत शिकलाय."

श्रीरंगांचा चेहरा पडला. पण अजून त्यांचा धीर सुटला नव्हता. "हा पुरावा नाही. कागद दाखवा."

"कागद साहेबांनी नेला," मागून आवाज आला. मंजुनाथ पुढं आला होता. हुंदके देत होता. "वही माझ्या टेबलावरनं साहेबांनीच नेली. अक्का, भोक मीच पाडलं. माझ्या हातानं, बाराच्या बारा. मी म्हटलं साहेब, निदान भोकाला पोलादी कडं लावू, ताकद भरून येईल. साहेब म्हणाले, गप्प काप."

"आणि तू गप्प कापलंस," प्रमोदिनी म्हणाली.

"हो अक्का."

श्रीरंग एका लोखंडी पेटीवर बसले. "माझ्या शॉपमध्ये दोन महिन्यांत तीन अपघात झाले होते," ते म्हणाले. "एका पोराचा हात गेला. मी सगळं करून बघितलं. मशिनांना नव्या संरक्षक जाळ्या बसवल्या, ट्रेनिंग दिलं. मग एकांनी सांगितलं, ईशान्य बिघडलीय, फाटक बदला, हे बदला. मी माणसांसाठीच केलं हो. माणसं वाचावीत म्हणून!"

"मग कडं का नाही लावू दिलंत?"

श्रीरंग जमिनीकडे बघत बोलले. "कडं लावायचं म्हणजे ड्रॉइंग बदलायचं. ड्रॉइंग बदलायचं म्हणजे कारण लिहायचं. काय लिहिणार होतो मी? समितीपुढं, त्या आर्यापुढं... सगळे हसले असते."

"हसले असते?" प्रमोदिनी म्हणाली. "हसू नये म्हणून..." तिनं हातातली बॅटरी पेटीवर आपटली. "अहो, हसले असते तर हसले असते! दोन दिवस हसले असते आणि गप्प बसले असते. त्याच्यापायी माणूस मारलात?"

६

पाच वाजता शिवकुमारांनी सहीचा कागद फाडला आणि शेडमधूनच रेल्वेच्या कंट्रोल रूमला फोन लावला. अकरा डब्यांचे नंबर त्यांनी एकेक करून सांगितले. जिथं असतील तिथं थांबवा, गार्डला खाली उतरवा. सात डबे यार्डांत उभे सापडले. चार धावत होते. एकेका स्टेशनवर गाडी थांबल्याचं, गार्ड उतरल्याचं कळायला पावणेदोन तास लागले, आणि तोवर कोणी जागचं हललं नाही. शेवटचा डबा घाटातच होता, मागं इंजिन लावलेला. तोही थांबला.

"झालं," शिवकुमार म्हणाले. मग ते यल्लव्वाकडे वळले. "बाई, तुमच्या नवऱ्याची काही चूक नव्हती. उलट त्यानं मोठं काम केलं. मागच्या इंजिनाचा ड्रायव्हर रघुपती, त्याचा जबाब आहे. पुढं धूळ उडालेली पिराजीनं पाहिली, त्याला वॉकीटॉकीवर ओरडून सांगितलं की पॉवर बंद कर. मग हँडब्रेक आवळायला घेतला. रघुपती त्याच्यामुळे वाचला. पिराजी शेवटपर्यंत जागेवर होता."

"ओरडला, आणि मग ब्रेक आवळला," यल्लव्वा म्हणाली. "किती वेळ गेला त्यात?"

शिवकुमार गडबडले. "म्हणजे, अं, नोंदीत पंचवीस सेकंद..."

"गाडी किती जोरात होती?"

"जोरात कसली! चढ होता. सायकलच्या वेगानं."

यल्लव्वा प्रमोदिनीकडे वळली. तिचा आवाज चढला. "अक्का, तू खरं बोलतीस म्हणत्यात. मग सांग मला. त्याला उडी मारायला वेळ होता?"

शिवकुमारांनी मानेनं नको नको केलं. प्रमोदिनीनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"होता," ती म्हणाली.

"मग का नाही मारली?" यल्लव्वा किंचाळली. दहा दिवसांत पहिल्यांदाच ती रडत होती, आणि पिराजी समोर उभा असावा तशी त्याच्यावर ओरडत होती. "येड्या, का नाही मारलीस उडी? घरी दोन लेकरं आहेत, ती आठवली नाहीत? चाक कसलं फिरवत बसलास?"

"त्याला वाटलं, डबा टिकेल," प्रमोदिनी म्हणाली. "नवा डबा होता. दोनशे टनांचा. प्रत्येक गार्डला ते शिकवलेलं असतं, की धक्का बसणार असेल तर आत थांबा, धरून बसा. त्यानं शिकवलं तसं केलं."

यल्लव्वा रडायची थांबली. पदरानं तिनं तोंड पुसलं आणि ती चालत श्रीरंगांसमोर जाऊन उभी राहिली. ते वर बघायला तयार नव्हते.

"ह्याला कागद दे," ती म्हणाली. "आणि आता मी सांगते ते लिहू दे. त्याच्या हातानं. उडी मारायला वेळ होता. डब्यावर विश्वास ठेवून तो आत थांबला."

प्रमोदिनीनं वहीतला कोरा कागद काढला, पेटीवर ठेवला आणि पेनचं टोपण काढून पेन श्रीरंगांच्या हातात दिलं.

"लिहा," ती म्हणाली.